जीप: स्टार्ट केल्यावर बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, एकदा रेस दिली की विझतो

घाटवाट (चिपळूण), सोमवार रात्री १०:४०

मंडळी, डोकं पिकलंय. मामांकडून आलेली २००३ सालची डिझेल जीप आहे. बारा व्होल्टची, अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र) मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असलेली, कॉम्प्युटरची भानगड नसलेली.

दुखणं असं. चावी ऑन केली की बॅटरीचा लाल दिवा लागतो. सेल मारला, इंजिन चालू झालं, तरी तो तसाच. सावकाश गावात फिरलो तर पाच-दहा मिनिटंसुद्धा विझत नाही. एकदा जोरात रेस दिली की पटकन विझतो आणि मग गाडी बंद करेपर्यंत परत दिसत नाही. सुरुवातीला वाटलं, असेल जुन्या गाडीची खोड. गेल्या आठवड्यात बाजारात चार ठिकाणी थांबत, पावसात वायपर आणि हेडलाईट चालू ठेवून फिरलो. मग तिथंच चहाला थांबलो, तर परत सेलच घेईना. ढकलस्टार्ट!

आतापर्यंत बॅटरी नवी टाकली. गॅरेजवाल्याने कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलला. पट्टा ताणला. फरक शून्य.

मल्टिमीटरचं रीडिंग बॅटरीच्या टोकांवर: इंजिन बंद १२.५, चालू करून रेस न देता १२.३, रेस दिल्यावर १४.२.

---

वडापाव_एक्स्प्रेस, सोमवार रात्री १०:५२

अल्टरनेटर गेलाय. रिबिल्ट (दुरुस्त केलेला जुना) टाका, मोकळे व्हा.

---

रानभैरी, सोमवार रात्री ११:०५

सोपी टेस्ट सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची एक वायर काढायची. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब, चालू राहिली तर चांगला. आमच्याकडे सगळे मिस्त्री असंच करतात.

---

वायरमन_काका (कोल्हापूर), मंगळवार सकाळी ६:२०

रानभैरी, हा नाद सोडा. आणि दुसऱ्याला तर सांगूच नका. चार्जिंग चालू असताना बॅटरी काढली की अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज क्षणभर ऐंशी-शंभरापर्यंत उसळतं. त्यात कटआऊट जातो, डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) जातात. नव्या गाडीत कॉम्प्युटर जातो, त्याच्या पैशात अल्टरनेटर चारदा घेता येईल. मिस्त्री असंच करतात हे खरं. डायनामोच्या काळातली सवय आहे, तेव्हा खपून जायचं. आणि ही जुनी डिझेल गाडी तर बॅटरी काढली तरी चालूच राहणार, तिला धावायला वीज लागते कुठं? म्हणजे टेस्टचं उत्तरपण खोटं.

घाटवाट, तुमच्या रीडिंगमधून एक गोष्ट पक्की कळते. रेस दिल्यावर १४.२ येतं, म्हणजे अल्टरनेटर वीज करू शकतो. त्याला जाग येत नाही एवढंच. आणि जागं करायचं काम तोच लाल दिवा करतो. लोकांना वाटतं दिवा फक्त खबर द्यायला आहे. तसं नाही भावा, तो सर्किटचा भाग आहे.

करंटचा रस्ता बघा. बॅटरी, चावीचा स्विच, फ्यूज, डॅशबोर्डच्या मीटरमधला बल्ब, तिथून एक बारीक वायर अल्टरनेटरच्या डी+ या टोकाला. आत कार्बन (घासत करंट देणारे ब्रश), स्लिप रिंग (ते ज्यावर घासतात त्या कड्या), रोटरची (फिरणाऱ्या भागाची) गुंडाळी, कटआऊट आणि मास, म्हणजे बॉडी. चावी ऑन केली की बल्बमधून करंट रोटरमध्ये जातो, बल्ब लागतो आणि रोटर हलकासा लोहचुंबक होतो. इंजिन फिरलं की त्या चुंबकावर वीज तयार व्हायला लागते. आतले तीन छोटे फिल्ड डायोड तीच वीज डी+ ला आणून देतात. आता बल्बच्या एका बाजूला बॅटरीचे चौदा, दुसऱ्या बाजूला डी+ चे चौदा. दोन्हीकडं सारखं, मग करंट वाहणार कशाला? दिवा विझला. दिवा कुणी बंद करत नाही, दोन्हीकडून सारखा दाब आला की तो आपोआप मरतो.

आता एक काम करा. इंजिन बंद, चावी ऑन. डी+ ची बारीक वायर काढा आणि बॉडीला टेकवा. बोल्टावरच्या जाड वायरला, म्हणजे बी+ ला, हात लावायचा नाही, ती सरळ बॅटरीवरून आलेली आहे. डी+ टेकवल्यावर दिवा लख्ख लागतो का, आणि हवेत सोडल्यावर विझतो का, सांगा.

---

घाटवाट, मंगळवार संध्याकाळी ७:१५

केलं काका. टेकवली की लख्ख, सोडली की बंद.

---

वायरमन_काका, मंगळवार रात्री ८:०२

मग वायर, फ्यूज, बल्ब सगळं बरोबर. सोडल्यावर विझतो म्हणजे वायर वाटेत कुठं बॉडीला घासलेलीपण नाही. भानगड अल्टरनेटरच्या आत. कार्बन काढून मोजा. आणि स्लिप रिंगवर तेल आहे का ते बघा. मागं व्हॅक्यूम पंप आहे ना, त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल आत येतं आणि कार्बन त्यात भिजून जातो.

---

पिकअपवाली (अहिल्यानगर), मंगळवार रात्री ८:३०

काकांच्या तेलाच्या मुद्द्याला अनुमोदन. आमच्या दुधाच्या पिकअपला हेच झालं होतं. लाल दिवा मनात येईल तेव्हा लागायचा, खड्डा आला की विझायचा. ड्रायव्हर म्हणे वायर लूज आहे. दोन महिने वायरी हलवत बसलो. शेवटी अल्टरनेटर उघडला तर आत काळं पिठलं, कार्बनची पूड आणि तेल. नुसता कार्बन बदलला असता तर महिन्यात पुन्हा तेच. सील आधी.

आणि एक खूण: त्याच सुमारास ब्रेकही थोडा कडक लागायला लागला होता. पंप एकच, व्हॅक्यूम तोच देतो.

---

घाटवाट, बुधवार रात्री ९:४५

आज सुट्टी टाकून अल्टरनेटर उतरवला. निराशाजनक बातमी आहे, म्हणजे चांगलीच आहे. आत तेल नाही. कार्बन अकरा मिलिमीटर शिल्लक. स्लिप रिंग थोड्या काळ्या होत्या, बारीक पॉलिश पेपर मारला. रोटरचं रेझिस्टन्स ३.२ ओहम. रोटर आणि बॉडी यांच्यात काहीच नाही, मीटर ढिम्म. सगळं परत बसवलं. दिवा तसाच. रेस दिली की विझतो.

वडापावराव, तुमचा रिबिल्टचा सल्ला आता मोहात पाडतोय.

---

वडापाव_एक्स्प्रेस, बुधवार रात्री ९:५१

मी पहिल्या प्रतिसादातच सांगितलं होतं. 😄

---

वायरमन_काका, बुधवार रात्री १०:१०

३.२ ओहम म्हणजे रोटर एकदम ठणठणीत. अडीच ते चारच्या मध्ये असला की झालं. कार्बन चांगला, कटआऊट नवा, दिवा लागतोय. मग जाग का येत नाही? मला सुचेना. पाना लावून बघा. इंजिन बंद, चावी ऑन, अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ लोखंडी पाना न्यायचा. रोटरमध्ये करंट असेल तर हाताला ओढ जाणवते. चावी बंद केली की जाते.

---

घाटवाट, गुरुवार सकाळी ८:०५

ओढ नाही. असली तर मला कळत नाहीये.

---

ओहमताई (पुणे), गुरुवार सकाळी ९:३०

धागा आत्ता वाचला. मी टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, गॅरेजचा अनुभव काकांइतका नाही. पण एक प्रश्न पडला. दिवा लागतो म्हणजे करंट वाहतो हे ठीक, पण किती? मल्टिमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर ठेवून डी+ च्या वायरमध्ये मालिकेत जोडा. इंजिन बंद, चावी ऑन. आकडा फारच लहान दिसला तर मिलिअँपिअरच्या रेंजवर या. लाल प्रोब योग्य भोकात आहे ना ते आधी बघा, नाहीतर मल्टिमीटरचा फ्यूज उडेल.

---

घाटवाट, गुरुवार संध्याकाळी ६:५०

१४ मिलिअँपिअर. हे कमी आहे का?

---

ओहमताई, गुरुवार संध्याकाळी ७:००

त्या होल्डरमध्ये बल्ब कुठला आहे?

---

घाटवाट, गुरुवार संध्याकाळी ७:०४

एलईडी.

---

घाटवाट, गुरुवार संध्याकाळी ७:०५

थांबा.

गणपतीच्या आधी मित्राने सगळा मीटर एलईडी करून दिला होता, रात्री काटे दिसत नव्हते म्हणून. आणि हे सगळं गणपतीनंतरच सुरू झालं. अरे देवा.

---

वायरमन_काका, गुरुवार संध्याकाळी ७:३०

हात्तिच्या! ताई, तुम्हाला दंडवत. माझी टेस्ट चुकली नाही, पण ती पिवळ्या तारेच्या बल्बसाठीची टेस्ट. एलईडी एवढ्याशा करंटवर लख्ख लागतो, मग वायर टेकवून बघून काय उपयोग? चाळीस वर्षं "दिवा लागला म्हणजे रस्ता बरोबर" हे डोक्यात बसलेलं. मी विचारायला पाहिजे होतं.

---

ओहमताई, गुरुवार रात्री ८:१५

काका, दंडवत काय, चित्र तुम्हीच काढून दिलं होतं. मी फक्त त्यात आकडा टाकला.

घाटवाट, हिशेब बघा. या जागी साधारण दोन ते तीन वॉटचा बल्ब असतो. बारा व्होल्टवर दोन वॉट म्हणजे ०.१७ अँपिअर, १७० मिलिअँपिअर. तुमच्याकडे १४ येतायत. बाराव्या हिश्श्याच्या करंटवर रोटर चुंबक होणार कसा? म्हणून पाना ओढला गेला नाही.

मग रेस दिल्यावर कसं चालतं? रोटरच्या लोखंडात जुनं चुंबकत्व थोडं शिल्लक राहतं. तेवढ्यावर संथ गतीत जेमतेम थोडं व्होल्टेज तयार होतं, ते फिल्ड डायोडच्या उंबरठ्यापलीकडे जात नाही. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, उंबरठा ओलांडला की डायोड रोटरला करंट द्यायला लागतात, त्याने चुंबक वाढतो, त्याने व्होल्टेज आणखी वाढतं, आणि पाहता पाहता अल्टरनेटर स्वतःच्या पायावर उभा. नंतर दिव्याची गरज नाही, म्हणून गाडी बंद करेपर्यंत सगळं सुरळीत. बाजारात सावकाश फिरताना डिझेल इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या वर जातच नाही, त्यामुळे तुम्ही वायपर-हेडलाईट सगळं बॅटरीवर चालवत होतात. चहाला थांबलात तोवर ती बिचारी संपली.

उपाय दोन. एक, त्या एका होल्डरमध्ये साधा बल्ब परत लावा, बाकी मीटर एलईडी राहू दे. दोन, एलईडी ठेवायचाच असेल तर त्याला समांतर ६८ ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर जोडा. त्यातून साधारण १७५ मिलिअँपिअर जातील. चार्जिंग चालू झाल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, त्यामुळे तो तापतही नाही. काही गाड्यांमध्ये कंपनीतूनच असा रेझिस्टर मीटरच्या मागे असतो, बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू नये म्हणून.

मी असते तर साधा बल्ब लावला असता. कारण पुढे कधीतरी सांगेन.

---

ट्रॅक्टरसम्राट, गुरुवार रात्री ८:४०

आमच्या ट्रॅक्टरला मीटरमधला बल्ब उडाला, सहा महिने बदलला नाही. बॅटरी सारखी उतरायची. आज कारण कळलं. बल्ब दहा रुपयांचा!

---

घाटवाट, शुक्रवार रात्री ९:००

साधा बल्ब लावला. सेल मारला आणि क्लचवरून पाय काढायच्या आत दिवा विझला. रेस नाही, काही नाही. बॅटरीवर लगेच १४.२. पानासुद्धा ओढला जातो, कळेल इतपत.

बॅटरी उगाच बदलली, कटआऊट उगाच बदलला. असो. सगळ्यांना चहा लागू.

---

शहरीभुंगा (ठाणे), शनिवार दुपारी १२:१०

धागा पळवत नाही, पण संबंधित प्रश्न. माझी बीएस-६ कार आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये व्होल्टमीटर लावलाय. कधी १४.६, कधी हायवेवर चक्क १२.७ दाखवतो. लाल दिवा नाही. मीसुद्धा डी+ ची वायर टेकवून बघू का?

---

ओहमताई, शनिवार दुपारी १२:४०

अजिबात नको!! तुमच्या गाडीत बहुतेक अशी वायरच नसेल. नव्या गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला किती व्होल्ट करायचे ते सांगतो, आणि लाल दिवा मीटरचा कॉम्प्युटर निरोप आला की लावतो. त्या दिव्यातून रोटरला करंट जात नाही. बॅटरी भरलेली असेल आणि तुम्ही एका वेगात चाललात तर इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी केलं जातं. उतारावर पाय काढला की वाढवलं जातं. तुमचे आकडे त्यात बसतात. तिथे बारीक वायर मासला टेकवणं म्हणजे कॉम्प्युटरच्या तोंडात चमचा घालणं. स्कॅनर लावणाऱ्याकडे जा, तेही दिवा लागला तरच.

---

निवांत_पेन्शनर, शनिवार संध्याकाळी ५:२५

माझी जुनी पेट्रोल गाडी. चावी काढून घेतली तरी बॅटरीचा दिवा मंद लागलेला असतो. सकाळी बॅटरी सपाट. चावीचा स्विच बदलून झाला.

---

वायरमन_काका, शनिवार संध्याकाळी ६:१०

साहेब, सकाळी इंजिन गार असताना अल्टरनेटरला हात लावून बघा. कोमट लागला तर आतला बी+ चा एक मोठा डायोड शॉर्ट आहे. गाडी बंद असतानासुद्धा बॅटरीचा करंट त्या डायोडमधून उलटा आत शिरतो, फिल्ड डायोडमधून डी+ ला आणि रोटरला पोचतो. रोटरमध्येच तीन-साडेतीन अँपिअर रात्रभर. साठ अँपिअर-अवरची बॅटरी चोवीस तासही टिकत नाही. थोडा करंट बल्बमधून उलटा चावीच्या लाईनीत येतो, तो तुमचा मंद दिवा. स्विच बिचारा निर्दोष होता. डायोड प्लेट बदलायला लागणार. तोवर रात्री बॅटरीची मासची वायर काढून झोपा.

---

निवांत_पेन्शनर, रविवार सकाळी ७:००

कोमट! पहाटे सहाला, रात्रभर गाडी उभी असून. बायकोलाही हात लावून दाखवला. ती म्हणाली, चहा ठेवा त्याच्यावर.

---

घाटवाट, (दोन आठवड्यांनी) रविवार रात्री ११:२०

मी परत आलोय. खुशखबर नाही.

काल रात्री गुहागरहून येताना लक्षात आलं, गाडी चालू असताना बॅटरीचा दिवा अगदी मंद पेटलेला आहे. विझत आलेल्या उदबत्तीएवढा. दिवसा दिसत नाही. वायपर लावला की थोडा वाढतो, मामांनी बसवलेले दोन फॉग लॅम्प लावले की चांगलाच वाढतो. रेस देऊन फरक नाही. बॅटरीवर १४.२ व्यवस्थित.

आधी एलईडी होता तेव्हा हे कधीच दिसलं नव्हतं. म्हणजे बल्ब लावून मीच काही बिघडवलं का?

---

वडापाव_एक्स्प्रेस, रविवार रात्री ११:३१

रिबिल्ट.

---

वायरमन_काका, सोमवार सकाळी ६:००

चालू गाडीत मंद दिवा म्हणजे बल्बच्या दोन बाजूंत फरक पडलाय. नेहमीचा पेशंट असतो फिल्ड डायोड. तीनातला एक गेला की डी+ चं व्होल्टेज थोडं कमी येतं आणि दिवा मिणमिणतो. पण यावेळी मी आधी बोलणार नाही. दोन्ही बाजू मोजा. इंजिन चालू, वायपर आणि फॉग लॅम्प चालू ठेवून चार आकडे द्या: बॅटरी, बी+, डी+, आणि फ्यूज बॉक्समध्ये मीटरच्या फ्यूजवर. मल्टिमीटरची काळी प्रोब प्रत्येक वेळी बॅटरीच्या निगेटिव्हवरच. पट्ट्यापासून हात आणि शर्टाच्या बाह्या लांब.

---

घाटवाट, सोमवार रात्री ९:१०

बॅटरी १४.१
बी+ १४.३
डी+ १४.३
मीटरचा फ्यूज ११.७

शेवटचा आकडा तीनदा मोजला. फॉग आणि वायपर बंद केले की १३.८ होतो.

---

ओहमताई, सोमवार रात्री ९:२५

अल्टरनेटर निर्दोष आहे, वडापावरावांची क्षमा मागून.

बी+ ते बॅटरी ०.२ चा फरक, उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला असता तर जाड वायर आणि थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) बघायला लावले असते. डी+ बरोबर बी+ इतकंच. कमी आहे ती दुसरी बाजू. म्हणजे तुमच्या दिव्यात करंट उलटा वाहतोय, अल्टरनेटरकडून चावीच्या लाईनीकडे, २.६ व्होल्टच्या फरकाने. तारेच्या बल्बला दिशा कळत नाही, तो कुठूनही करंट आला तरी पेटतो. एलईडी बहुतेक एकाच दिशेने लागतात. म्हणून आधी हे दिसलं नव्हतं. तुम्ही काही बिघडवलं नाही, बल्बने जुनं लपलेलं उघड केलं. साधा बल्ब लावा म्हणाले होते त्याचं कारण हेच.

आता घाईचा भाग. बॅटरी आणि फ्यूज यांच्यात चावीचा स्विच आहे. फॉग लॅम्प कुठून जोडलेत? चावीच्या लाईनीवरून असतील तर पंचावन्न वॉटचे दोन म्हणजे नऊ अँपिअर, त्यात वायपर आणि बाकीचं धरून तेरा-चौदा. बॅटरी ते फ्यूज फरक २.४, गुणिले साडेतेरा, साधारण बत्तीस वॉट. एवढी उष्णता एका जागी तयार होतेय, आणि ती जागा बहुतेक स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकच्या आत आहे. सोल्डरिंगची साधी इस्त्री साधारण तेवढ्याच वॉटची असते. फॉग लॅम्प लावू नका, आणि स्विच उघडल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

---

वायरमन_काका, सोमवार रात्री ९:४०

ताईंचं ऐका. बॅटरीची मास काढूनच स्विच उघडा.

---

घाटवाट, मंगळवार रात्री १०:३०

उघडला. फोटो टाकायची सोय नाही म्हणून सांगतो.

स्विचच्या मागचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड), जाड लाल-काळ्या वायरीपाशी, वितळून तपकिरी झालाय. पिन निळसर पडलीय आणि हलवली की डुगडुगते. त्या वायरीचं इन्सुलेशन बोटभर लांब कडक, पापडासारखं मोडलं. आणि त्याच पिनच्या वायरीला सोलून, पिळून, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून फॉग लॅम्पची वायर जोडलेली. रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. फ्यूजपण नाही. शिवाय त्यातूनच टेपरेकॉर्डरची जुनी वायर.

---

वायरमन_काका, मंगळवार रात्री १०:४५

दवाखान्याची पट्टी! पेशंट ओळखला होता म्हणायचं.

नवा स्विच, नवा कपलर, जळलेली वायर निरोगी तांबं लागेपर्यंत कापायची. काळं पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. फॉगला रिले लावा. रिलेच्या ३० ला बॅटरीवरून वायर, बॅटरीच्या अगदी जवळ वीस अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दिव्यांना. ८६ ला तुमच्या फॉगच्या बटणाची वायर, ८५ मासला. मग चावीच्या स्विचमधून रिलेच्या कॉईलपुरते एक-दोन दशांश अँपिअर जातील, बास.

---

घाटवाट, रविवार सकाळी ११:१५

झालं सगळं. फॉग, वायपर, हेडलाईट, हॉर्न एकदम लावून मीटरचा फ्यूज १३.९, बॅटरी १४.१. रात्री टॉर्च बंद करून पाच मिनिटं त्या दिव्याकडे बघत बसलो. ठार काळा.

मामांना फोन केला. म्हटलं, फॉग लॅम्प कुणी जोडले? म्हणाले, मीच, एका शिमग्याला, पालखीला जायचं होतं. मग म्हणाले, त्या जीपची किल्ली रात्री गरम लागायची रे, मला वाटायचं इंजिनाची धग येते.

---

वडापाव_एक्स्प्रेस, रविवार सकाळी ११:४०

मंडळी, विनोद नाही. माझ्या गाडीची किल्लीसुद्धा रात्री गरम लागते. मीपण फॉग लावलेत. उद्या दाखवू ना गॅरेजमध्ये?

---

वायरमन_काका, रविवार सकाळी ११:४२

उद्या नाही. आत्ता खाली जा आणि मासची वायर काढ.